राखणीची लादी

“मोहीम रद्द!” प्रोफेसर म्हणाला आणि जिन्याच्या पायरीवर आडवा झाला.

“अरे, आत्ताच तर ठरली! अजून चपलासुद्धा घातल्या नाहीत मी!” बटाट्या ओरडला.

“मग बरंच झालं. काढायचे कष्ट वाचले.”

जांभईने दोघांकडे पाहिलं आणि एक लांबलचक जांभई दिली. शाळेच्या पटावर तिचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण गल्लीत कुणी त्या नावाने हाक मारली असती तर तिने स्वतःच मागे वळून पाहिलं असतं, कोण आलंय म्हणून! बारा वर्षांची ही मुलगी दिवसातून इतक्या जांभया द्यायची की दुसरं नाव तिला शोभलंच नसतं. बटाट्या हा तिचा नऊ वर्षांचा भाऊ, नावाप्रमाणेच गोल आणि वजनदार. आणि प्रोफेसर हा आत्तेभाऊ, सुट्टीसाठी आलेला, नववी संपवून दहावीत जाणारा, आणि हे दर दहा मिनिटांनी सगळ्यांना सांगणारा.

नदीपलीकडे विटांची एक जुनी चिमणी होती. तिच्या आत घुबड राहतं असं बटाट्याचं म्हणणं होतं. मोहीम होती ती ते घुबड पाहण्याची. पण ऊन असं होतं की नुसतं बसूनही माणूस दमावा. शिवाय चौघांची टोळी तिघांवर आली होती. मिरची दोन दिवस आलीच नव्हती.

“मिरचीला बोलावू या,” बटाट्या म्हणाला.

“ती येणार नाही,” जांभई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. “तिच्या बाबांचा पाय आपल्या बाबांमुळे मोडलाय. ती कशी येईल?”

झालं होतं ते असं. जांभईचे बाबा आणि मिरचीचे बाबा, म्हणजे दाढीवाले काका, दोघेही बर्फाच्या कारखान्यात कामाला. बाबा वरून बर्फाच्या लाद्या सोडायचे आणि काका खाली त्या आकड्याने ओढून गाडीत चढवायचे. अठरा वर्षं दोघांची जोडी होती. मंगळवारी सकाळी दोन लाद्या एकदम खाली आल्या. एक काकांनी पकडली, दुसरी त्यांच्या नडगीवर आदळली आणि हाड मोडलं. मुकादमाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की वरचा माणूस पेंगत होता, त्याने एकामागून एक दोन लाद्या सोडल्या. आता शनिवारी कारखान्याच्या मालकीणबाई येणार होत्या. बाबांना कामावर ठेवायचं की घरी पाठवायचं हे त्या ठरवणार होत्या.

आणि बाबा? बाबांनी ‘मी नाही सोडल्या’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. जांभईला सगळ्यात जास्त तेच टोचत होतं.

“पोरांनो, डबा!” आतून आईने हाक मारली. “आणि उन्हात रेंगाळू नका!”

कारखान्याच्या दारातून आत पाऊल टाकलं की उन्हाळा बाहेरच राहायचा. आत गार, ओलं, अंधारलेलं. एका बाजूला मोठी टाकी. मिठाच्या थंडगार पाण्यात लोखंडी साच्यांच्या रांगा उभ्या. प्रत्येक रांगेच्या कडेला एक पाटी आणि त्या पाटीवर ती रांग कधी भरली ते खडूने लिहिलेलं. साच्यातून निघालेल्या लाद्या मधल्या गोणपाटाच्या पडद्याखालून सरकत बाबांकडे यायच्या. एकेक लादी दीडशे किलोची! बाबा ती लाकडी घसरणीच्या तोंडाशी आणायचे आणि सोडून द्यायचे. सूंऽऽऽ करत ती खाली!

“मामा, ती खाली मध्येच एक लादी ठेवलीय, ती का?” प्रोफेसरने विचारलं.

बाबा डबा मांडीवर घेऊन खोक्यावर बसले होते. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

“ती राखणीची लादी,” ते म्हणाले. “घसरण संपते तिथे एक लादी कायम ठेवायची. वरून आलेली तिला धडकते आणि जागच्या जागी थांबते. धडक खाल्लेली पुढे निघते आणि जमिनीवरून जात जात हळू होत दारापाशी जाते. थांबलेली आता नवी राखण. म्हणजे खालच्या माणसाकडे एका वेळी एकच लादी जाते, तीसुद्धा दमून. आमच्या आधीच्या लोकांनी बसवलेली पद्धत आहे ही.”

“हे आमच्या पुस्तकात आहे!” प्रोफेसर ताठ उभा राहिला. “संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. टक्कर होण्यापूर्वीचा एकूण संवेग आणि टक्कर झाल्यानंतरचा एकूण संवेग समान असतो!”

“म्हणजे काय?” बटाट्याने विचारलं.

“म्हणजे… समान असतो.”

“पण म्हणजे काय?”

“परीक्षेत एवढंच लिहायचं असतं!” प्रोफेसर चिडून म्हणाला.

बाबा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच. पण हसू फार वेळ टिकलं नाही.

जांभईने धीर केला. “बाबा, तुम्ही खरंच दोन सोडल्या?”

“असेल गं,” बाबा म्हणाले. “अकरा दिवस झाले दोन दोन पाळ्या चालल्यात. एक सोडली की दोन, मला खरंच आठवत नाही. रोज अंथरुणावर पडलो की तेच आठवत बसतो. झोपही येत नाही. हल्ली माझं मलाच काही कळत नाही. एखादी लादी इतकी अलगद सरकते की वाटतं, वा, आज अंगात जोर आलाय! आणि पुढचीच ढकलताना कंबर मोडते. कसला जोर आणि कसलं काय!”

“चला, चला! डबा दिला ना? ही काय बागेतली घसरगुंडी आहे?” पडद्यातून मुकादम आला. उंच, लाल डोळ्यांचा, खांद्यावर ओला टॉवेल. “एकाचा पाय मोडला तेवढा पुरे! आणि तुम्ही हो, जेवताना तरी जागे राहा.”

बाबांनी मान खाली घातली. जांभईने रागाने बटाट्याचा हात ओढला. बाहेर उन्हात आल्यावर ती म्हणाली, “घुबडबिबड काही नाही. आपण मिरचीकडे जायचं.”

मिरचीने दार उघडलं आणि तीन चेहरे बघून पुन्हा लावायला घेतलं. पण बटाट्या आधीच अर्धा आत शिरला होता आणि तो एकदा शिरला की दार लागणं शक्य नव्हतं.

“काय हवंय?” मिरची नाक फुगवून म्हणाली.

“काकांना भेटायचंय,” जांभई म्हणाली. “तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण मला त्यांना फक्त विचारायचंय की काय झालं.”

“कोण आहे गं? येऊ दे त्यांना आत!” आतून काकांचा आवाज आला.

दाढीवाले काका खाटेवर पडले होते. प्लास्टरमधला पाय उशीवर होता आणि चेहरा कंटाळलेला. जांभईला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी नुसता सुस्कारा टाकला, आणि ते जास्त वाईट होतं.

“तुझा बाप आला नाही एकदाही,” ते म्हणाले.

“त्यांना लाज वाटते, काका.”

“हं.”

“काका, ती लादी फार जोरात आली का हो?”

काकांनी थोडा विचार केला. “जोरात? छे! तीच तर गंमत. जोरात आली ती पहिली. नेहमीपेक्षा किती तरी जोरात. मी कशीबशी आकड्याने धरली. दुसरी तिच्या मागून हळूच आली गं. बाळ रांगत येतं ना, तशी. पण थांबेचना! पाय गाडीच्या पायरीला लागलेला आणि ती आपली सरकतेच आहे, सरकतेच आहे. हळू असली तरी दीडशे किलो! मोडलं हाड.”

“पण तुम्ही दारापाशी होतात ना? एवढ्या लांब?”

“कुठला दारापाशी! त्या दिवशी सकाळपासून सगळंच विचित्र चाललं होतं. एखादी लादी अर्ध्या वाटेतच बसायची. ती ओढून आणायला मी आत जायचो. तेवढ्यात दुसरी अंगावर यायची. मी पडलो तेव्हा समोर बघितलं, तर थेट वरपर्यंत तुझ्या बापाचा चेहरा दिसत होता. पांढराफटक पडला होता बिचारा.”

जांभई जांभई देणार होती, ती अर्ध्यातच थांबली.

“काका, तुम्ही जमिनीवर पडला होतात. मग मध्ये राखणीची लादी होती ना? तिच्याआडून वरचं कसं दिसलं?”

काका दाढी खाजवत म्हणाले, “नव्हती. तिथे काहीच नव्हतं. मोकळंच होतं सगळं.”

“प्रोफेसर!” जांभई ओरडली. “एक लादी राखणीला आहे. बाबांनी दोन सोडल्या. एकूण किती?”

“तीन. हे तर पहिलीचं गणित…”

“काकांकडे आल्या दोन. मग एक राहायला हवी होती ना तिथे? ती कुठे गेली?”

मग बटाट्या म्हणाला, “वितळली?”

“गप रे!” तिघेही एकदम म्हणाले. त्या तिघांत मिरचीही होती!

“बाबांनी एकच सोडली!” जांभईला श्वास पुरेना. “एक वरून आली, एक राखणीला होती. दोन्हीच्या दोन्ही पुढे गेल्या. म्हणून तिथे काही उरलं नाही!”

“पण वरून आलेली थांबायला हवी होती,” काका म्हणाले. “अठरा वर्षं थांबतेय. त्याच दिवशी का नाही थांबली?”

मिरची उठली, कपाटाखाली हात घालून तिने गोट्यांचा डबा ओढला आणि काही न बोलता जमिनीवर उपडा केला. तिच्या परीने ही माफी होती. दोन उशांच्या मध्ये त्यांनी फरशीची एक पट्टी मोकळी केली. एक गोटी ठेवली आणि दुसरी, तेवढीच, तिच्यावर नेम धरून सोडली. टक्! आलेली थांबली, उभी असलेली पळाली.

“बघा! संवेग!” प्रोफेसर म्हणाला.

“पुन्हा!” मिरची म्हणाली. पुन्हा तेच. दहा वेळा तेच. बटाट्या कंटाळला, त्याने सगळ्यात मोठा गोटा उचलला आणि एका चिमुकल्या गोटीवर सोडला. टक्! चिमुकली गोटी सुसाट खाटेखाली गेली. आणि मोठा गोटा? तो थांबलाच नाही. थोडा मंदावला आणि तिच्या मागोमाग हळूहळू खाटेखाली चालता झाला.

चौघेही पालथे पडून खाटेखाली बघत राहिले.

“पहिली जोरात,” जांभई हळूच म्हणाली, “आणि दुसरी रांगत.”

“आता उलटं!” मिरचीने चिमुकली गोटी मोठ्या गोट्यावर सोडली. ती आपटून मागे उडाली आणि गोटा बोटभर हलून बसला.

“अर्ध्या वाटेत बसणारी लादी!” वरून काकांचा आवाज आला. तेही खाटेवरून वाकून बघत होते. त्यांना पायाचा विसर पडला होता.

प्रोफेसर वहीत काहीतरी खरडत होता. त्याचे कान लाल झाले होते. “म्हणजे ते असं आहे तर,” तो पुटपुटला. “मोठ्याकडे जे असतं ते सगळं छोटीला घेताच येत नाही. ती कितीही जोरात पळाली तरी नाही. मग उरलेलं मोठ्याकडेच राहतं आणि तो चालत राहतो. दोघांचं मिळून मात्र तेवढंच! समान! अरे, हे असं का नाही सांगत पुस्तकात?”

“सांगितलं असेल,” मिरची म्हणाली. “तू वाचलं नसशील, पाठ केलं असशील.”

“पण सगळ्या लाद्या एकाच मापाच्या असतात,” काका म्हणाले. “साचेच एका मापाचे. हलकी लादी येणार कुठून?”

बाबांचे शब्द जांभईला आठवले. एखादी लादी इतकी अलगद सरकते की वाटतं… बाबांच्या अंगात जोर आला नव्हता. लादीच हलकी होती! पण कशी?

संध्याकाळी घरी आई बटाट्यावर करवादत होती. “शंभरदा सांगितलं, बर्फ होईपर्यंत फ्रिज उघडू नकोस! हे बघ, सगळं पाणी सांडलंस!”

बटाट्याच्या हातात बर्फाचा चौकोनी तुकडा होता. बाहेरून घट्ट, आणि एका बाजूच्या भोकातून पाणी गळत होतं. पाणी गळून गेल्यावर उरलं ते नुसतं पोकळ खोकं.

“बर्फ बाहेरून आत धरतो,” जांभई त्या खोक्याकडे बघत म्हणाली. “घाई केली की मधलं पाणीच राहतं. बटाट्या, तू आणि मुकादम दोघेही सारखेच!”

“मी काय केलं?” बटाट्या म्हणाला आणि खोकं तोंडात टाकून मोकळा झाला.

शुक्रवारी डबा द्यायला तिघांऐवजी चौघे गेले. बाबा जेवत असताना जांभई आणि मिरची गोणपाटांच्या ढिगामागे जाऊन बसल्या. पाय गारठले, दात वाजायला लागले, तरी हलल्या नाहीत. पडद्याच्या फटीतून टाकी दिसत होती. मुकादमाने एक रांग वर काढायला सांगितली. मिरचीने कडेची पाटी वाचली आणि जांभईला कोपर मारलं. खडूने लिहिलं होतं, ‘गुरुवार दुपार’. म्हणजे कालचीच! लादी नीट धरायला दोन दिवस लागतात हे त्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल!

साचे कलंडले. नऊ लाद्या बाहेर सरकल्या आणि प्रत्येकीच्या मधून भळभळ पाणी वाहिलं. मुकादमाने फावड्याने बर्फाचा चुरा उचलला, एकेका लादीच्या तोंडात ठासला आणि वरून फळीने चोपून सारखा केला. बघता बघता चुरा धरला. आता कुणालाही ती भरीव लादी वाटली असती.

“आत्ताच्या आत्ता जाऊन सांगू या!” मिरची बाहेर आल्यावर फणफणली.

“कुणाला? आणि आपलं कोण ऐकणार?” जांभई म्हणाली. “तो म्हणेल, पोरं बापासाठी खोटं बोलतात. त्याच्याच तोंडून निघायला हवं.” मग तिने जांभई दिली, पण या वेळी डोळे अगदी लख्ख होते. “मला सुचलंय काहीतरी.”

शनिवारी सकाळी मालकीणबाई आल्या. साठीच्या, जाड चष्म्याच्या, हातात हिशेबाच्या वहीऐवजी घाम पुसायचा रुमाल. खुर्चीवर बसता बसताच त्या म्हणाल्या, “लवकर उरका. हे ठरवताना मलाही बरं वाटत नाहीये.”

मुकादमाने सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. बाबा खाली मान घालून उभे होते.

“तुम्हाला काही म्हणायचंय?” बाईंनी विचारलं.

“काय म्हणू, बाई? झाली असेल चूक. माझ्यामुळे भावासारख्या माणसाचा पाय मोडला. मीच सोडतो काम.”

“बाबा, थांबा!” जांभई पुढे आली. “बाई, तुम्ही हवं ते ठरवा. पण आधी राखणीला धडकून वरची लादी कशी थांबते ते एकदा बघाल? पाच मिनिटं फक्त!”

“ही काय शाळा आहे?” मुकादम गरजला.

“माझ्या बाबांचा पाय मोडलाय,” मिरची म्हणाली. “मला बघायचंय. का, तुमच्या लाद्यांचा भरवसा नाही का तुम्हाला?”

“भरवसा नाही? माझ्या टाकीतली लादी न् लादी एकसारखी! एका तोळ्याचाही फरक सापडणार नाही!”

“मग मुकादमकाका, तुम्हीच निवडून द्या ना दोन,” जांभई अगदी साळसूदपणे म्हणाली.

भिंतीजवळ लाद्या रांगेने उभ्या होत्या; पहिल्या नऊ कालच्याच, चुरा ठासलेल्या, अजून गाडीत न चढलेल्या. मुकादम पहिल्या लादीपुढून गेला. दुसरीपुढून गेला. मिरची मोठ्याने मोजत होती, “तीन… चार… पाच…” तो नऊही ओलांडून पलीकडे गेला आणि कोपऱ्यातल्या दोन लाद्यांवर हात ठेवला. “ह्या घ्या!”

दाराशी कुणी उभं राहायचं नाही, असं जांभईने बजावलं आणि तिथे गोणपाटांची थप्पी रचली. एक लादी राखणीला ठेवली. बाबांनी दुसरी सोडली. सूंऽऽऽ धाड! आलेली जागच्या जागी थांबली. राखणीची पुढे निघाली आणि दमत दमत दारापाशी जाऊन थांबली.

“बघितलंत?” मुकादम छाती फुगवून म्हणाला.

“वा! छान!” जांभई म्हणाली. “आता राखणीला ह्या पहिल्या नऊमधली कोणतीही एक ठेवू या.”

मुकादमाची छाती खाली आली. “त्या… त्या नकोत. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या आहेत.”

“पण सगळ्या एकसारख्याच आहेत ना?” बटाट्याने निरागसपणे विचारलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ठेवा,” त्या एवढंच म्हणाल्या.

पहिल्या नऊमधली एक राखणीला आली. कोपऱ्यातली एक भरीव लादी बाबांनी वर घसरणीच्या तोंडाशी नेली. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि सोडली.

धाड! राखणीची लादी उडालीच! गोणपाटांवर जाऊन आदळली आणि वरची दोन पोती खाली आली. पण बाबांचं लक्ष तिकडे नव्हतं. वरून आलेली लादी थांबली नव्हती. ती हळूच, रांगत, शांतपणे दाराकडे निघाली होती. गोणपाटांपाशी पोचली आणि सगळी थप्पी ढकलत ढकलत गाडीच्या पायरीला नेऊन टेकवली. घसरणीखालची जागा मोकळी पडली होती.

“एक सोडली, दोन आल्या,” प्रोफेसर म्हणाला, आणि पुढचं काहीच बोलला नाही. हेही पहिल्यांदाच घडत होतं.

“आकडा आणा,” बाई म्हणाल्या.

मिरचीने आकडा आणून दिला. बाबांनी एकाच घावात हलक्या लादीचं तोंड फोडलं. चुरा ओघळला आणि आत काळं भोक दिसलं. बटाट्याने त्यात हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. “आत काहीच नाही!” तो ओरडला. “आणि जाम थंड आहे!”

मुकादम मटकन खोक्यावर बसला. “बाई, तुम्ही रोज चारशे लाद्यांचा शब्द देता,” तो म्हणाला. त्याचा आवाज पार खाली गेला होता. “टाकीत धरतात तीनशे. मी आणू कुठून? पाच दिवस झाले, मी घरी गेलो नाही. एकदा लवकर काढल्या, कुणाला कळलं नाही. मग रोजच काढायला लागलो. असं काही होईल हे मनातही आलं नव्हतं.”

“आणि पाय मोडल्यावर?” बाईंनी विचारलं. “तेव्हा तर कळलं होतं ना? तरी दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलंस?”

मुकादमाने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला.

“टाकी उद्यापासून तुझ्याकडे नाही,” बाई म्हणाल्या. “आणि शब्द मी दिला होता, तेव्हा त्यातली चूक माझीही. आजपासून तीनशेच. ज्यांना पुरणार नाही त्यांनी बर्फ दुसरीकडून घ्यावा.” मग त्या बाबांकडे वळल्या. “तुम्ही चूक केलीच नव्हती, तर काम सोडायला का निघालात?”

“मला वाटलं, झालीच असेल,” बाबा म्हणाले. “एवढा दमलो होतो, बाई. सगळे म्हणत होते तर खरंच असेल असं वाटलं.”

जांभईला रडू आवरेना. तीन दिवसांत तिला मुकादमाचा राग आला होता, उन्हाचा आला होता, काकांचाही थोडा आला होता. आता तिला नुसतं वाईट वाटलं, की बाबांना स्वतःवर भरवसा ठेवण्याएवढीही ताकद उरली नव्हती.

कारखाना त्या दिवशी अकरालाच बंद झाला. सगळे तिथून तडक काकांकडे गेले. बाबा दारातच घुटमळले.

“ये की!” काका ओरडले. “चार दिवस वाट बघतोय. पाय माझा मोडलाय आणि तोंड तू लपवतोयस?”

बाबा खाटेशेजारी खुर्चीवर बसले. मिरचीने आणि प्रोफेसरने मिळून, एकमेकांना तोडत, सगळी हकिगत सांगितली. काका ऐकता ऐकता हसत होते. मुकादमाने नऊ लाद्या ओलांडल्या तिथे तर त्यांनी खाटेवर थाप मारली.

“एकच सोडली होतीस तू,” सगळं ऐकून झाल्यावर ते बाबांना म्हणाले. “ऐकलंस का रे? एकच.”

बाबांची मान छातीवर टेकली होती. हात मांडीवर उताणे पडले होते आणि श्वास संथ चालला होता. जांभई उठायला लागली, पण काकांनी ओठांवर बोट ठेवून तिला थांबवलं.

“झोपू दे,” ते कुजबुजले. “मंगळवारपासून झोपला नसेल. मी ओळखतो ना त्याला.”

मागून मालकीणबाई आंबे घेऊन आल्या. दारातून आत पाहताच त्यांनीही चपला हळूच काढल्या. मग त्या मुलांपाशी वाकल्या आणि कानात सांगावं तसं म्हणाल्या, “अठ्ठावीस वर्षं कारखाना चालवतेय. पण राखणीला धडकलेली लादी का थांबते ते मला आज कळलं. शाबास गं! चौघांनाही शाबास!”

“पुस्तकात आहे ते,” प्रोफेसरही कुजबुजला. “पान क्रमांकसुद्धा सांगतो…”

“नको!” तिघांनी आवाज न करता ओरडून दाखवलं.

काकांनी हात लांब करून जांभईच्या डोक्यावर ठेवला. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं, पण कुजबुजत बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी नुसतं डोकं थोपटलं आणि उशाची चादर तिच्या हातात दिली. जांभईने ती बाबांच्या अंगावर घातली. मग चौघेही भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले आणि बाबा उठेपर्यंत, पार चार वाजेपर्यंत, कुणीही मोठ्याने बोललं नाही.